बंद करायचं बटण कुठे गेलं?

विंडोज ८ हाती आल्यावर अनेकांना पहिला प्रश्न पडला तो संगणक बंद कसा करायचा हा. उत्तर असं होतं: माउसचा बाण पडद्याच्या उजवीकडच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात न्यायचा. कडेने एक पट्टी डोकावली की बाण अलगद त्या पट्टीवर सरकवायचा. तिथे ‘सेटिंग्ज’, त्यात ‘पॉवर’, त्यात ‘शट डाउन’. या पट्टीचं नाव होतं ‘चार्म्स’. नाव मोहक, पण अशी काही पट्टी आहे याची एकही खूण पडद्यावर नव्हती.

२६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ बाजारात आलं आणि त्याच्या रूपावरून, वापरावरून जी जुंपली, ती पुढच्या प्रत्येक नव्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वेळी थोड्याफार फरकाने पुन्हा जुंपते. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा जुंपली, २०२५ मध्ये अ‍ॅपलने काचेसारखं रूप आणलं तेव्हाही जुंपली. दरवेळी तीच ठाम वाक्यं कानावर येतात. त्यांतली काही इथे पारखून पाहू. उदाहरण मुख्यतः विंडोज ८ चं घेतलं आहे, कारण त्याच्यावर तुटून पडणारे आणि त्याची बाजू घेणारे, दोघांचेही गैरसमज तिथे एकाच जागी सापडतात.

‘लोकांना बदल नकोच असतो’

हे वाक्य कंपन्यांच्या फार सोयीचं. आमचं काही चुकलं नाही, तुम्हीच सवयीचे गुलाम, एवढं सांगून मोकळं होता येतं. पण विंडोजच्या स्वतःच्याच इतिहासात ते टिकत नाही.

विंडोज ३.१ मध्ये ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ नावाची एक खिडकी असे, तिच्या पोटात आणखी खिडक्या आणि त्यांत चित्रं. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ ने हा सगळा संसार मोडला. खाली टास्कबार आला, डाव्या कोपऱ्यात स्टार्ट बटण आलं, खिडकी मिटवायला उजवीकडे फुली आली. विंडोज ८ इतकाच हा बदल उलथापालथ करणारा होता. लोकांनी तो घेतला आणि पुढची सतरा वर्षं त्याच मांडणीवर काम केलं.

का घेतला, हे बघण्यासारखं आहे. विंडोज ९५ च्या मांडणीची प्रयोगशाळेत माणसं बसवून चाचणी झाली: ६४ फेऱ्या, ५६० माणसं. पहिल्या नमुन्यांत ‘स्टार्ट’ नव्हतंच. तीन बटणं होती, त्यांतलं एक ‘सिस्टीम’. माणसं संगणक लावत आणि रिकाम्या पडद्याकडे बघत बसत. पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. मग कोणीतरी ‘सिस्टीम’च्या बटणावर ‘स्टार्ट’ लिहिलं. तरीही काही जण बसूनच राहिले, तेव्हा टास्कबारवरून एक बाण सरकत त्या बटणावर जाऊन आदळू लागला आणि त्यावर मजकूर आला: सुरुवात करायला इथे क्लिक करा. बंद करायलाही ‘स्टार्ट’च दाबावं लागतं हा विनोद तेव्हापासूनचा. विनोद रास्तच, पण बटण डोळ्यांसमोर होतं.

त्याच चमूने आणखी एक कल्पना करून पाहिली होती. नवशिक्यांसाठी वेगळी, सोपी मांडणी द्यायची आणि सरावलेल्यांसाठी दुसरी. ती त्यांनी सोडून दिली. सोप्या मांडणीतल्या माणसाला कधीतरी खऱ्या मांडणीत यावंच लागतं आणि तिथे तो पुन्हा नवशिका ठरतो.

सतरा वर्षांनी त्याच कंपनीने एका संगणकात दोन बिऱ्हाडं ठेवली. एकीकडे रंगीत फरशांचा पडदाभर पसरलेला ‘स्टार्ट स्क्रीन’, दुसरीकडे जुना डेस्कटॉप. सेटिंग्जचं दुकान दोन्हीकडे वेगळं, त्यामुळे काही गोष्टी इथे मिळत तर काही तिथे. इंटरनेट एक्सप्लोररसुद्धा दोन, आणि एकात उघडलेलं पान दुसऱ्याला माहीत नाही. मार्च २०१२ मध्ये, विंडोज ८ अजून चाचणीच्या अवस्थेत असताना, तंत्रज्ञानावर बोलणाऱ्या क्रिस पिरिलो यांनी आपल्या वडिलांना त्यापुढे बसवून चित्रफीत काढली. वडील डेस्कटॉपवर पोचले आणि परत कसं यायचं ते त्यांना काही केल्या सापडेना. परतीची वाट डाव्या खालच्या कोपऱ्यात होती. बाण तिथे नेला तरच दिसणारी. लाखो लोकांनी ती चित्रफीत पाहिली. त्यातला माणूस बदलाला विरोध करताना दिसत नाही, तो दार शोधताना दिसतो.

आणि ही अडचण फक्त वयस्कांची किंवा नवख्यांची होती असंही नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २०१२ च्या अखेरीला विंडोज ८ ची चाचणी घेतली, तेव्हा त्यांच्यापुढे बसलेले बाराही जण संगणकाला सरावलेले होते. तेही अडखळले.

‘स्टार्ट मेनू तसाही कोणी वापरत नव्हतं’

विंडोज ८ ने स्टार्ट बटण आणि त्याचा मेनू काढून टाकला, त्याचं समर्थन करणारं हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. व्हिस्टापासून विंडोज ७ पर्यंत येताना स्टार्ट मेनूचा वापर ११ टक्क्यांनी घटल्याचं मायक्रोसॉफ्टच्या चमूनेच २०११ मध्ये जाहीर केलं होतं. लोक नेहमीचे प्रोग्रॅम टास्कबारवर टाचून ठेवू लागले होते, तेव्हा घट होणारच.

पण आकडा किती वेळा दाबलं ते सांगतो, कशासाठी दाबलं ते सांगत नाही. रोज लागणारी गोष्ट टास्कबारवर गेली, उरली ती अधूनमधून लागणारी. वर्षातून दोनदा लागणारा स्कॅनरचा प्रोग्रॅम, नाव विसरलेलं काहीतरी. रेल्वेच्या डब्यातली साखळी रोज कोणी ओढत नाही. ती कमी ओढली जाते म्हणून काढून टाकावी, असं रेल्वेला अजून सुचलेलं नाही.

‘विंडोज ८ दिसायलाच वाईट होतं’

माझ्या मते उलट आहे. त्या काळातल्या पडद्यांमध्ये ते सर्वांत नेटकं होतं. त्यामागची शैली, जिला आधी ‘मेट्रो’ म्हणत, रेल्वेस्थानकांवरच्या आणि विमानतळांवरच्या दिशादर्शक पाट्यांवरून आणि विसाव्या शतकाच्या मध्यातल्या स्वित्झर्लंडच्या मुद्रणकलेवरून स्फुरलेली होती. ठसठशीत अक्षर, मोकळी जागा, खोट्या सावल्या नाहीत, चमक नाही. २०१० मध्ये ती विंडोज फोनवर आली तेव्हा तिचं कौतुक झालं. अ‍ॅपलनेही २०१३ मध्ये आयफोनवरची चामड्याची शिवण आणि लाकडाचे कप्पे काढून सपाट वाट धरली.

गोम वेगळीच होती. विंडोज ९५ मधलं बटण उठावदार होतं, कडेला उजेड आणि सावली असलेलं. बघताच कळे की हे दाबायचं आहे. सपाट शैलीत ती खूण गेली. विंडोज ८ च्या सेटिंग्जच्या पट्टीत सगळ्यांत खाली ‘चेंज पीसी सेटिंग्ज’ असे शब्द होते. ते क्लिक करण्यासाठी होते, पण दिसत होते वरच्या चित्रांच्या मथळ्यासारखे. निल्सन यांच्या चाचणीत माणसं नेमकी तिथेच चुकली. ‘रूप छान, वापर वाईट’ अशी विभागणी करून मोकळं होता येत नाही ते यामुळे. पाटीवर वाचायचं असतं, पडद्यावर वाचायचंही असतं आणि दाबायचंही.

दुसरी गोम आकाराची. फोनवर एका वेळी एकच काम पडदाभर चालतं, ते ठीक. मोठ्या पडद्यावर मेट्रो शैलीचे जास्तीत जास्त दोन प्रोग्रॅम शेजारी मांडता येत. ज्या प्रणालीचं नावच खिडक्यांवरून पडलं, तिच्यात खिडक्याच उरल्या नाहीत, हे निल्सन यांनीही नोंदवलं.

‘बोटाने सोपं ते सगळ्यांनाच सोपं’

२०१० मध्ये आयपॅड आला होता आणि टॅबलेट संगणकाला खाऊन टाकणार अशी हवा होती. विंडोज ८ त्या हवेत आखलं गेलं. कडेवरून बोट आत ओढणं टॅबलेटवर खरोखर सोपं असतं, कारण टॅबलेट धरलेला अंगठा कडेलाच असतो. तीच क्रिया माउसने करायची म्हणजे कोपऱ्यात नेम धरून थांबायचं. आणि टेबलावरच्या उभ्या पडद्यावर हात लांब करून दहा मिनिटं काम केलं की खांदा भरून येतो.

वापरसुलभतेची आंतरराष्ट्रीय व्याख्या, आयएसओ ९२४१ या मानकाच्या अकराव्या भागातली, इथे नीट बघावी. अमुक वापरकर्ते, अमुक हेतू, अमुक परिस्थिती, एवढं ठरवल्यावरच वस्तू सोपी की अवघड हे बोलता येतं. नुसतं ‘सोपं’ हे विशेषण अर्धवट आहे.

‘रूप हा आवडीनिवडीचा भाग, त्यावर वाद कसला?’

१९९५ मध्ये मासाआकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा या हिताचीच्या संशोधकांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या. कोणती सुंदर आणि कोणती वापरायला सोपी वाटते, ते विचारलं. लोकांना जी सुंदर वाटली, तीच सोपीही वाटली, मग ती खरोखर सोपी असो वा नसो. इस्रायलच्या नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना वाटलं, हा जपानी सौंदर्यदृष्टीचा परिणाम असावा, आपल्या व्यवहारी देशात असं व्हायचं नाही. त्यांनी तोच प्रयोग आपल्याकडे केला, तर तिथे हा संबंध आणखी घट्ट निघाला!

म्हणजे दुकानात पाच मिनिटं हाताळून ‘किती सोपं आहे’ म्हणणारा खोटं बोलत नसतो, पण त्याचं मत पहिल्या दर्शनाचं असतं. खरं काय ते पंधरा दिवसांनी घाईत फाइल शोधताना कळतं.

शिवाय रूपातल्या काही गोष्टी मोजता येतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असावं, असा वेबवरच्या सुगम्यतेचा मान्य दंडक आहे. २०२५ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने ‘लिक्विड ग्लास’ दाखवलं, तेव्हा पारदर्शक पट्टीमागे उजळ छायाचित्र आलं की वरची अक्षरं विरघळतात, ही तक्रार आली. हा रुचीचा प्रश्न नव्हता. पुढे अ‍ॅपलनेच ती काच कमी पारदर्शक करायचा पर्याय दिला.

‘जुनं तेच चांगलं होतं’

विंडोज एक्सपीची आठवण आज लोक हळवे होऊन काढतात. २००१ मध्ये ते आलं तेव्हा त्याच्या निळ्या-हिरव्या पट्ट्यांना लहान मुलांच्या प्लास्टिकच्या खेळण्यांची उपमा दिली गेली होती आणि कित्येकांनी पहिल्याच दिवशी जुनं राखाडी रूप परत लावलं होतं. एवढं पुरे.

‘स्टार्ट बटण मधे आलं म्हणजे नुसती नक्कल’

विंडोज ११ बद्दलचा हा आक्षेप मॅककडे बोट दाखवून थांबतो, आणि त्यात खरा मुद्दा निसटतो. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम सांगतो की लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितकं ते चटकन गाठता येतं. पडद्याचा कोपरा लहान दिसतो, पण माउससाठी तो प्रचंड असतो. बाण कसाही भिरकावला तरी तिथेच अडतो, नेम धरावा लागत नाही. मधल्या बटणाला हा फायदा नाही. त्यातून प्रोग्रॅम उघडत जावे तसं ते मधलं बटण डावीकडे सरकत जातं, म्हणजे हाताला जागाही पाठ होत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ते पुन्हा डावीकडे नेता येतं, ही सोय सुरुवातीपासून आहे.

विंडोज ८ चा कोपरा फिट्स यांच्या कसोटीला उतरला असता. फक्त तिथे काही आहे हे आधी माहीत असायला हवं होतं.

‘बटण परत दिलं आणि प्रश्न मिटला’

१७ ऑक्टोबर २०१३ ला विंडोज ८.१ आलं, त्यात स्टार्ट बटण परत आलं. ते दाबलं की तोच फरशांचा पडदा उघडे. दार परत बसवलं, आतली खोली तीच. पडद्यावर थेट दिसणारं बंद करायचं बटण आलं ते ८ एप्रिल २०१४ च्या सुधारणेत. योगायोग असा की विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला तोही त्याच दिवशी. खरा स्टार्ट मेनू परत यायला २९ जुलै २०१५, म्हणजे विंडोज १० उजाडावं लागलं.

‘विंडोज ८ मधून काहीच हाती लागलं नाही’

आजचा टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्रॅम किती मेमरी खातो ते रंगाच्या छटांनी दाखवणारा तक्ता, विंडोज ८ मधला. फाइल कॉपी करताना दिसणारा वेगाचा आलेख आणि मधेच थांबवायची सोय, तीही तिथलीच.

आणि एक गोष्ट आपल्या लिपीची. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला आणि पुढची कित्येक वर्षं पडद्यावरची मराठी म्हणजे मंगल असं समीकरण झालं. मेट्रो शैलीची सगळी भिस्त अक्षरावर. रोमनमध्ये ती लहान-मोठ्या लिपीच्या फरकाने मथळा आणि मजकूर वेगळे करते. देवनागरीत तो भेदच नाही, वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं यांना मात्र जागा लागते. रोमनच्या मापाने आखलेल्या अरुंद ओळीत वरची मात्रा छाटली जाते, नाहीतर सगळंच अक्षर बारीक करावं लागतं. विंडोज ८ बरोबर भारतीय लिप्यांसाठी, पडद्यावरच्या मेनूंचा विचार करून बनवलेला ‘निर्मला यूआय’ हा फॉन्ट आला. कॅनडाच्या टायरो टाइपवर्क्सने तो तयार केला. फरशा गेल्या, चार्म्स गेल्या, विंडोज ८ चा आधारही संपला. विंडोज ११ च्या मेनूत मराठी शब्द दिसतात ते निर्मलामध्येच.