ट्यूब नवी, चटका नवा!

ऑनसाइट गेल्यावर सनबेडचा मोह होतोय? थांबा, आधी त्यातल्या ट्यूबची कुंडली बघा.

जानेवारी महिना. तुम्ही ऑनसाइट, मँचेस्टरला. चार-साडेचारलाच अंधार पडलाय. ऑफिसातून परतताना एक चकाचक दुकान लागतं आणि काचेवर पाटी दिसते, ‘नवीन ट्यूब बसवल्या आहेत!’ आत सनबेड. म्हणजे आडवं पडायचं, वरून झाकण ओढायचं आणि मिनिटांच्या हिशेबाने पैसे मोजून काळं व्हायचं! इकडे आई ‘उन्हात हिंडू नकोस, काळवंडशील’ म्हणून ओरडते आणि तिकडे त्याच रंगाचं बिल येतं.

आपल्याला टॅन नकोच असतो, मान्य. पण आठवडाभर सूर्य दिसलेला नसतो, रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी कमी आलेलं असतं आणि शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण ‘एकदा ट्राय तर कर’ म्हणत असते. पाय वळतातच. म्हणूनच ती पाटी नीट वाचा. ती ऑफर वाटते, पण खरं तर इशारा आहे.

घरच्या ट्यूबलाइटची चुलत बहीण

सनबेडची ट्यूब म्हणजे आपल्या ट्यूबलाइटचंच खानदान. तशाच दोन्ही टोकांना पिना, तसाच चोक, बऱ्याच बेडमध्ये तसाच स्टार्टर आणि आत पाऱ्याची वाफ. फरक आहे तो काचेत आणि तिच्या आतल्या लेपात. घरच्या ट्यूबचा लेप पांढरा उजेड देतो, हिचा लेप अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही. त्यात बहुतांश यूव्हीए आणि काही टक्के यूव्हीबी. यूव्हीए अंगात आधीच असलेलं मेलॅनिन गडद करतं. हा रंग लगेच दिसतो आणि लवकर उतरतो. यूव्हीबी नवं मेलॅनिन तयार करायला लावतं, त्याला दोन-तीन दिवस लागतात. त्वचा भाजते तीही मुख्यतः यूव्हीबीमुळेच.

आता गंमत बघा. वापरून वापरून काच आणि लेप दोन्ही थकतात. साधारण 500 ते 1000 तासांनंतर यूव्ही इतकं उतरतं की ट्यूब बदलावी लागते. पण निळसर उजेड तसाच राहतो, त्यामुळे नुसतं बघून काहीच कळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘हल्ली रंगच चढत नाही’ आणि आठ मिनिटांची बारा करतं. मग एक दिवस सगळ्या ट्यूब एकदम बदलल्या जातात. ट्यूब नव्या, मिनिटं मात्र तीच बारा. त्या रात्री पाठ गादीला टेकवत नाही.

नंबरांचा फंडा

दुकानात ट्यूब निवडताना लांबी आणि वॅट जुळले म्हणजे झालं, असं नसतं. सॉकेटमध्ये छान बसणारी ट्यूबही जुन्यापेक्षा कितीतरी जहाल असू शकते. म्हणून युरोपात ट्यूबवर एक कोड छापतात. उदाहरणार्थ, 100-आर-47/3.2. यातले 100 म्हणजे वॅट. आर म्हणजे आतला रिफ्लेक्टर. 47 हा त्वचा भाजण्याच्या ताकदीचा आकडा आणि 3.2 हे आखूड व लांब यूव्ही लहरींच्या परिणामाचं प्रमाण. बेडवरही कोडची मर्यादा लिहिलेली असते आणि नवी ट्यूब त्या मर्यादेतच बसायला हवी. अमेरिकेतही नियम तोच, मूळ ट्यूबशी जुळणारीच ट्यूब लावायची.

संपूर्ण बेडसाठी युरोपची मर्यादा आहे चौरस मीटरला 0.3 वॅट. यूव्ही इंडेक्सच्या भाषेत 12, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर पापड वाळत घालतात, तसलं ऊन! आणि तेवढ्यावरही थांबतं कुठे? इंग्लंडमधल्या 400 हून जास्त सनबेडची मोजणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दहापैकी नऊ बेड या मर्यादेच्या वर निघाले.

आपण सावळे, आपल्याला काय होतंय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2009 मध्ये सनबेडला तंबाखूच्याच गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करणारं हे सिद्ध झालेलं. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठीच्या सनबेडवर बंदी घातली. इंग्लंडमध्ये 2011 पासून 18 वर्षांखालच्यांना मनाई आहे. सावळ्या त्वचेला कॅन्सरचा धोका कमी, पण शून्य नाही. शिवाय सुरकुत्या, काळे डाग आणि डोळ्यांना होणारी इजा आहेच. पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर त्वचा आणखी लवकर भाजते.

आणि व्हिटॅमिन डी? ते यूव्हीबीपासून बनतं आणि सनबेडमध्ये भरणा असतो यूव्हीएचा!

जाण्याआधी हे वाचा

• मोह आवरतच नसेल, तर पहिला प्रश्न हा: ट्यूब कधी बदलल्या? नव्या असतील तर जुनी मिनिटं विसरा, पुन्हा सर्वांत कमी वेळापासून सुरुवात.

• डोळ्यांवर गॉगल हवाच, तोही सनबेडसाठीचाच. नुसते डोळे मिटून भागत नाही.

• मित्राच्या घरी बेड असेल आणि ट्यूब बदलायला तुम्हाला बोलावलं, तर आधी प्लग काढा, कोड जुळवा, सगळ्या ट्यूब एकदम बदला. जुन्या कचऱ्यात टाकू नका, आत पारा आहे.

• व्हिटॅमिन डी हवंय? सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर रोज 10 मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करावा, असा ब्रिटिश सरकारचाच सल्ला आहे. डॉक्टरांना विचारा.

• अंधाराने उदास वाटतंय? त्यासाठी लख्ख पांढरा, यूव्ही नसलेला लाइट थेरपीचा दिवा वेगळा मिळतो.

तेव्हा पुढच्या वेळी ती पाटी दिसली, की मस्तपैकी पुढे चालत राहा. वाचलेल्या पैशांत कॉफी प्या. आणि रविवारी आईचा फोन आला की सांगून टाका, ‘नाही गं, नाही काळवंडलो!’