तळघरातील द्राक्षासव

घरी मद्य करतो असे कोणी सांगितले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी हातभट्टी उभी राहते. धुराने काळे पडलेले पिंप, टायरच्या ट्यूबमधून चाललेला माल आणि मागावर असलेले पोलीस. त्यामुळे आमच्या छंदाची वाच्यता आम्ही बरीच वर्षे आपल्या मंडळींत केली नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी विचारलेच, "सुटीच्या दिवशी काय करता?" तर "थोडे बागकाम" असे सांगून वेळ मारून नेत असू. २०१६ च्या सप्टेंबरात मात्र सौ.चे वडील तीन महिन्यांसाठी न्यू जर्सीला आले आणि लपवालपवीची सोय उरली नाही. नाना मुंबईच्या दारूबंदी व उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झालेले.

प्रवासाने झोप उडालेली, त्यामुळे तिसऱ्या रात्री ते बॅटरी घेऊन तळघरात उतरले. कोपऱ्यात पाच गॅलनचा काचेचा बुधला, त्यात जांभळा रस, तोंडाला बुचातून बसवलेली पाणी भरलेली नळी आणि त्या नळीतून दर दोन सेकंदांनी 'बुळुक' असा आवाज. सकाळी चहाच्या टेबलावर त्यांनी इतकेच विचारले, "जावईबापू, परमिट आहे का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा नाव बदलून महाराष्ट्रात अजून उभा आहे आणि नुसते पिण्यासाठीही कागदोपत्री परवाना लागतो. इथली गोष्ट आम्ही नानांना सविस्तर सांगितली. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशव्यापी दारूबंदी होती, पण घरी फळांचा रस करून ठेवण्याला कायद्यात वाट मोकळी होती. तेवढ्या वाटेने कॅलिफोर्नियाची द्राक्षे आगगाडीच्या डब्यांतून पूर्वेकडच्या इटालियन वस्त्यांत येऊन पडत. अलिकांते बूशे नावाचे जाड सालीचे द्राक्ष तेव्हा भाव खाऊन गेले ते चवीमुळे नव्हे, तर प्रवासात फुटत नसे म्हणून. बंदी उठली तशी घरगुती वाइन उघडपणे कायदेशीर झाली. बिअर मात्र राहून गेली, ती पंचेचाळीस वर्षे. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन बिअर करमुक्त झाली. वाइनलाही तितकीच मर्यादा. विकायची मात्र नाही. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी घरगुती बिअरला परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये.

"आणि गाळायचे?" नानांनी विचारले. त्यांचा खरा प्रश्न हाच होता. गाळण्याला, म्हणजे घरी ब्रँडी किंवा व्हिस्की काढण्याला, या कायद्याने सूट दिलेली नाही, आणि आमच्या घरात ते यंत्रही नाही.

नाना गप्प बसले. मग त्यांनी नोकरीतल्या एका रात्रीची हकिकत सांगितली. विषारी दारू प्यालेली माणसे एकामागून एक रुग्णालयात येत होती, आणि त्यांतला प्रत्येक जण सांगत होता की दिसायचे बंद झाले आहे. आदल्या वर्षीच, जून २०१५ मध्ये, मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे अशीच गेली होती. दारूत मिथेनॉल निघाले. "घरच्या दारूत ते नसते कशावरून?" नानांचा आवाज आता साहेबाचा नव्हता, नातवाच्या आजोबांचा होता.

याचे उत्तर प्रत्येकाला ठाऊक असायला हवे म्हणून लिहितो. आंबवण्याने विष तयार होत नाही. यीस्ट साखर खाते आणि तिचे इथाइल अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. नळीतला 'बुळुक' हा त्या वायूचा आवाज. फळाच्या सालीतल्या पेक्टिनपासून मिथेनॉलचा अंश निघतो, पण तो अगदी नगण्य असतो. मालवणीसारख्या ठिकाणी माणसे मरतात ती स्वस्तात झिंग यावी म्हणून कारखान्यातले मिथेनॉल दारूत मिसळले जाते त्यामुळे. आमच्या बुधल्यातला रस फार तर व्हिनेगर होईल. वाया जाईल, पण जीव घेणार नाही.

सौ.ने वडिलांची समजूत आणखी सोप्या रीतीने घातली. "नाना, आजीच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली असायची ना?" वैद्य आसवे-अरिष्टे करतात ती याच रीतीने. काढ्यात किंवा रसात गूळ, मध आणि धायटीची फुले घालून भांड्याचे तोंड बंद करायचे आणि महिनाभर हलवायचे नाही. फुलांबरोबर यीस्ट येते. त्यात साधारण पाच ते दहा टक्के अल्कोहोल आपोआप तयार होते आणि सोवळ्यातली माणसेही ते जेवणानंतर दोन चमचे घेतात. यावर नाना प्रथमच हसले. अशा औषधांचा घोळ त्यांच्या खात्याला चांगला परिचयाचा होता. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्यातल्या ज्या तरतुदी रद्द ठरवल्या, त्यांत अल्कोहोल असलेली औषधे जवळ बाळगण्यावरची बंदीही होती.

त्यानंतर नाना रोज तळघरात येऊ लागले. आमची द्राक्षे काँकर्ड जातीची, मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावी १८४९ मध्ये इफ्रेम बुल यांनी निवडलेली. रंगाने सुरेख, पण आंबट आणि साखरेला कमी. याच जातीच्या रसाने आमच्या न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी इतिहास घडवला. तिथे १८६९ साली डॉ. टॉमस वेल्च यांनी चर्चच्या प्रसादासाठी रस उकळत्या पाण्यात बाटल्यांसकट तापवून तो आंबूच नये अशी युक्ती काढली. आम्ही नेमके उलट करतो. ज्यांना द्राक्षे चुरण्याचा खटाटोप नको त्यांनी रस आणावा, परंतु बाटलीवर पोटॅशियम सॉर्बेट असे लिहिलेले नाही ना ते पाहावे. ते असले की यीस्ट वाढत नाही आणि आठवडाभर आपण बुधल्याकडे आणि बुधला आपल्याकडे बघत बसतो.

पाच गॅलन रसाची सुरुवातीची घनता हायड्रोमीटरवर १.०६५ आली. पावणेतीन पौंड साखर घालून ती १.०९० वर आणली. हायड्रोमीटर पाहताच नानांचे डोळे चमकले. त्यांच्या खात्यात सायक्सचा पितळी हायड्रोमीटर असे, त्याला वजने लावून दारूची तीव्रता मोजत. आमचा काचेचा असून तो रसातली साखर मोजतो. साखर संपत जाते तसा तो खोल बुडतो, आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलची टक्केवारी हाती येते. नानांनी शाळेची एक वही मागून घेतली, रेघा आखल्या आणि तारीख, वेळ, तापमान, घनता असे रकाने केले. वीस वर्षांत आम्ही इतकी शिस्त पाळली नव्हती. पाळली असती तर पहिल्या बिअरची ती फजिती झाली नसती.

ती अशी. बिअरला माल्टचा पाक आणि हॉप्स तासभर उकळून, थंड करून, यीस्ट घालायचे. बाटल्या भरताना फेसासाठी पाच गॅलनला पाऊण कप मक्याची साखर मोजून घालायची. आम्ही पाचव्या दिवशीच, आंबणे संपण्याआधी, बाटल्या भरल्या आणि साखर अंदाजाने घातली. आठवड्याने रात्री दोन वाजता तळघरात गोळीबार सुरू झाला. छताला चिकटलेले काचेचे तुकडे पाहून आम्हाला घाम फुटला, कारण दुपारी तिथेच मुलगा खेळत होता. तेव्हापासून सलग तीन दिवस घनता तीच राहिल्याशिवाय आम्ही बूच लावत नाही. आणखी एक: फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या नकोत, त्या नीट बंद होत नाहीत. आणि बाटल्या धुण्याचा कंटाळा असलेल्याने या छंदाच्या वाटेला जाऊ नये. दहा तासांतले आठ तास धुण्यातच जातात.

मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि बाटल्या धुवायला तोच. नानांनी यावर मात्र हरकत घेतली. "तो हे रोज बघतो. उद्या काय शिकेल?" आमच्याकडे पक्के उत्तर नव्हते, आजही नाही. घरात बाटली कपाटात लपवून पिणारे बाप आम्ही पाहिले आहेत आणि ते बघूनही मुले शिकलीच. आमचा मुलगा यीस्ट काय खाते ते शिकला, आणि चव घ्यायची नाही हा नियम त्याच्यासाठी एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत चालला. परंतु नानांच्या बोलण्याने आम्ही एक गोष्ट बदलली. पूर्वी वर्षाला चाळीस गॅलन करत असू आणि केले आहे म्हणून ते संपतही असे. शनिवारी 'मदतीला' येणारा एक स्नेही कधी नुसत्या पिण्यासाठी येऊ लागला ते आमच्या लक्षातही आले नव्हते. आता दहा गॅलनच्या वर जात नाही. त्या स्नेह्याशी आम्ही मोकळेपणाने बोललो. तो बरेच महिने रागावला होता, आता चहाला येतो.

नोव्हेंबरच्या शेवटी घनता ०.९९६ वर येऊन थांबली. नानांनी गुणाकार केला: सुमारे सव्वाबारा टक्के. गाळ खाली बसावा म्हणून वाइन दुसऱ्या बुधल्यात काढली, तेव्हा नळी त्यांनीच धरली होती. चव घेण्याचा आग्रह सौ.ने केला, पण त्यांनी हात जोडले. "आयुष्यभर दुसऱ्यांची पकडली, आता स्वतः कशाला?" निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एक लहान बाटली भरून घेतली, बुचावर मेणबत्तीचे मेण ओतले आणि चिठ्ठी चिकटवली: नमुना क्रमांक १, तारीख, घनता, खाली सही. ती बाटली अजून तळघरातल्या फळीवर आहे. नाना फोन करतात तेव्हा सील शाबूत आहे का ते विचारतात.