भाषण पुरे, आता साकच्छा : जगाच्या कादंबऱ्यांवर चर्चा कशी चालवायची?

६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलेल्या माणसाला आपला समाज वाचतो की नाही, हा प्रश्न पडत नाही. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर उभे राहायला जागा नसते. खेड्यातून आलेली आई लेकरासाठी भाकरीच्या पैशातून पुस्तक घेते. प्रश्न त्यानंतरचा आहे. घरी नेलेल्या पुस्तकावर आपण एकमेकांशी बोलतो का?

आपल्याकडे जयंतीला व्याख्यान होते आणि वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते. एक जण बोलतो, पन्नास जण ऐकतात, शेवटी आभारप्रदर्शन होते. मंगलसुत्त आपण सगळेच म्हणतो. त्यात योग्य वेळी धम्म ऐकणे हे एक मंगल सांगितले आहे आणि योग्य वेळी धम्मसाकच्छा, म्हणजे चर्चा, हे दुसरे. पहिल्याची सवय आपल्याला चांगली आहे, दुसऱ्याची कमी.

घाटकोपर, मुलुंड आणि अंधेरी भागातले आम्ही काही कार्यकर्ते दोन वर्षांपासून एका आंतरराष्ट्रीय वाचनगटात आहोत. महिन्याला एक कादंबरी असते आणि वेगवेगळ्या देशांतले वाचक ऑनलाइन भेटतात. चर्चा चालवायला पगारी माणूस नाही. सभासदांपैकीच कोणीतरी स्वयंसेवक म्हणून ती जबाबदारी घेतो. या कामात आम्ही काय शिकलो आणि कुठे चुकलो, ते तरुण मित्रमैत्रिणींसाठी लिहीत आहोत.

कादंबरी वाचून काय होणार?

हा प्रश्न आम्हाला चळवळीतल्याच माणसांनी विचारला. मोर्चे आहेत, वस्तीचे प्रश्न आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, त्यात परदेशी गोष्टी कशाला?

उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या निवेदनाची माहिती त्यांना हवी होती. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेले अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशिया पाहून आले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. जगाकडे पाहून स्वतःची लढाई समजून घेणे ही आपली जुनी रीत आहे.

कायदा आणि अहवाल अन्याय किती झाला ते सांगतात. तो सोसणाऱ्या माणसाला रात्री झोप का लागत नाही, हे कथा सांगते. कार्यकर्त्याला दोन्ही कळायला हवे.

जपानमधली ‘जात चोरलेली’ कादंबरी

आमच्यापैकी एका कार्यकर्तीने पहिल्यांदा चर्चा चालवली ती ‘हाकाई’ या जपानी कादंबरीवर. शिमाझाकी तोसोन यांची ही कादंबरी १९०६ साली आली. केनेथ स्ट्राँग यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जपानमध्ये मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे अशी कामे करणाऱ्या लोकांना अपवित्र ठरवून वेगळ्या वस्त्यांत ठेवले जात असे. आज त्यांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ साली सरकारी हुकमाने हा भेद कायद्यातून गेला, पण लग्नात आणि नोकरीत तो राहिला. १९२२ साली त्यांनी सुइहेइशा ही स्वतःची संघटना उभारली. १९७५ साली तर उघडकीला आले की त्यांच्या वस्त्यांच्या नावांच्या गुप्त याद्या कंपन्यांना विकल्या जात होत्या. पत्त्यावरून माणूस ओळखायचा आणि नोकरी नाकारायची! आपल्याकडे आडनाव हे काम करते.

कादंबरीचा नायक उशिमात्सू शिक्षक आहे. आपण कोण, हे कुणालाही सांगायचे नाही, अशी वडिलांची आज्ञा आहे. शेवटी तो ती मोडतो आणि वर्गात मुलांसमोर आपली ओळख सांगतो. पण कशी? गुडघे टेकून, आजवर लपवल्याबद्दल क्षमा मागत.

आमच्याकडच्या मुलांना हे वाचून संताप आला. माफी कसली मागतोस? युरोपातल्या एका वाचकाला मात्र हेच दृश्य धैर्याचे वाटले. लेखक स्वतः त्या समाजातला नव्हता, हे कळल्यावर चर्चेला आणखी एक वळण मिळाले. मग आमच्या कार्यकर्तीने बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेची माहिती दिली. १९६३ सालच्या त्यांच्या कथासंग्रहाचे नावही तेच आहे. त्या कथेतही नायक जात लपवतो, पण तिथे काशिनाथ नावाचा माणूसही आहे, जो लपवत नाही आणि वाकतही नाही. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद उपलब्ध असल्याने गटाने पुढच्यासाठी तेच पुस्तक निवडले.

आणखी एक गोष्ट आम्हाला बौद्ध म्हणून टोचली. उशिमात्सू राहतो एका बौद्ध मंदिरात, आणि ते मंदिर काही समतेचे घर नाही. वास्तवातही जपानमधल्या अनेक मंदिरांनी या लोकांना मृत्यूनंतर दिली जाणारी धर्मनामेसुद्धा अपमानकारक दिली होती. १९७९ साली एका जागतिक धर्मपरिषदेत तिथल्या एका बौद्ध पंथाच्या प्रमुखाने असा भेदभाव नसल्याचे सांगितले आणि नंतर पंथाला चूक मान्य करावी लागली. बुद्धाचे नाव भिंतीवर असले की भेद आपोआप जात नाही. मग आपल्या विहारात पोटजात विचारली जाते का, लग्न जुळवताना काय होते, हा प्रश्न आमच्यापुढे आलाच. तो आम्ही टाळला नाही.

आमची चूक

त्या चर्चेत एकाने सहज विचारले, भारतात अजून असे होते का? सगळे आमच्या कार्यकर्तीकडे पाहू लागले. ती शांतपणे म्हणाली, आधी पुस्तकातच पाहू या, उशिमात्सूला लपवायला भाग पाडणारी माणसे कोण आहेत? चर्चा पुढे गेली.

बैठक संपल्यावर आमच्यातल्याच काहींनी तिला म्हटले, ताई, संधी होती, बिनधास्त सांगायला हवे होते. तिने उत्तर दिले, “ऑफिसात कुणी आडनाव विचारलं की काय सांगायचं, हे मी रोज ठरवते. रविवारीही तेच ठरवत बसू का?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. ओळख सांगणे हे धैर्य आहे, पण ती सांगायला लावणे हा दुसऱ्याच्या हातचा दबावच आहे, मग तो आपल्या माणसाचा का असेना. चर्चा चालवणारी व्यक्ती तिथे समाजाचा पुरावा म्हणून बसलेली नसते, ती वाचक म्हणून बसलेली असते. स्वतःचा अनुभव ही गटात बसण्याची फी नाही. दोन महिन्यांनी बागुलांच्या कथेवर बोलताना ती स्वतःहून बोलली. ते तिने निवडले होते, म्हणून त्याला वजन होते.

चर्चा चालवायची असेल तर

पुस्तक दोनदा वाचा. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन पानांचे क्रमांक लिहून ठेवा. सहा-सात प्रश्न काढा. ज्यांचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल, ते खोडा. ‘कोणत्या पानावर थांबलात?’ हा पहिला प्रश्न आम्हाला नेहमी उपयोगी पडला, कारण त्याला कुणाचेच उत्तर चुकीचे नसते.

दीड तासाच्या बैठकीत चालवणाऱ्याने एकूण दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. भाषणाची सवय असलेल्या आम्हा कार्यकर्त्यांना हे सर्वात जड गेले. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली तर घाबरू नका. मनात दहा अंक मोजा, कुणीतरी बोलतेच. जो दोनदा बोलला आहे त्याला थांबवा, जी एकदाही बोलली नाही तिला नाव घेऊन विचारा, आणि तिला ‘आत्ता नको’ म्हणता येईल अशा रीतीने विचारा. वाद तापला तर ‘हे कोणत्या पानावर आहे?’ असे विचारा. निम्मे वाद तिथेच निवतात.

इंग्रजीची भीती वाटते, हे खरे आहे. सुरुवातीची चार वाक्ये लिहून काढा आणि मोठ्याने वाचून पाहा. गटातल्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. सोपे, सावकाश बोलले की सगळ्यांचीच सोय होते.

वेळ जमवणे हीदेखील कसरत असते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे टोकियोत रात्रीचे अकरा. एका खोलीच्या घरात त्याच वेळी टीव्ही, स्वयंपाक आणि धाकट्यांचा अभ्यास चालू असतो. म्हणून आम्ही विहाराची अभ्यासिका महिन्यातून एक संध्याकाळ मागून घेतली. आता तिथे चार-पाच मुलेमुली एकाच स्क्रीनसमोर बसतात आणि चर्चा संपल्यावर मराठीत पुन्हा भांडतात. खरी साकच्छा बहुधा तेव्हाच होते.

आंतरराष्ट्रीय गट मिळेपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी तुमच्या विहारात पाच जण जमवा आणि बागुलांच्या एकाच कथेपासून सुरुवात करा. प्रश्न तुम्ही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

जय भीम.