गाडी तुमच्या नावावर, चलान कुणाला?

जेवणं उरकली असतील, भांडी राहिली असतील. हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज आपण बोलणार आहोत गाडीच्या दंडाबद्दल, म्हणजे ज्याला सगळे चलान म्हणतात त्याबद्दल.

तुमच्यातली एखादी म्हणेल, ताई, आम्ही कुठं गाडी चालवतो? चालवणारा बघून घेईल. थांबा. गाडी कोण चालवतं हा एक प्रश्न झाला, आणि गाडी कुणाच्या नावावर आहे हा दुसरा. कॅमेऱ्याला चालवणाऱ्याचं नाव माहीत नसतं. त्याला दिसते नंबर प्लेट. त्या नंबरवर आरटीओकडे ज्याचं नाव लिहिलंय, चलान त्याच्या नावानं निघतं. आता आठवून बघा, आपल्या गटातल्या किती जणींच्या नावावर गाडी आहे? कर्ज गटातून मिळालं म्हणून बायकोच्या नावावर, दूध डेअरीवर घालायला म्हणून सुनेच्या नावावर. मग चलानही तिच्याच नावावर.

आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी तिनं गटाचं कर्ज काढून स्कूटर घेतली. गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी तिच्या हातात कागद पडला. तुमच्या गाडीची दोन चलानं थकली आहेत, लोकअदालतीत या, असं त्यात लिहिलेलं. ती घाबरली. पोलीस घरी येतील का? जमिनीवर बोजा चढेल का? गटाच्या हप्त्याचे पैसे तिनं डब्यात बाजूला ठेवले होते. नवरा म्हणाला, “भरून टाक, कटकट नको.” मुलगा म्हणाला, “कोण भरतंय? दे फाडून.” सासूबाई म्हणाल्या, “आधी वाचा तरी काय लिहिलंय ते.” मैत्रिणींनो, त्या घरात शहाणपणाचं बोलल्या त्या फक्त सासूबाई.

कारण न बघता भरणं चूक आणि न बघता फाडणंही चूक. चलान भरलं की तुम्ही गुन्हा मान्य केला आणि प्रकरण मिटलं, असा त्याचा अर्थ होतो. आधी भरायचं आणि मग तक्रार करायची, असं चालत नाही. आणि भरलंही नाही, तक्रारही केली नाही, तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. शिवाय गाडी विकायची, नावावर करायची म्हटलं की थकलेलं चलान आडवं येतं. म्हणून पहिलं काम एकच: चलान उघडून बघायचं.

कुठं बघायचं? महाराष्ट्रात वाहतूक पोलिसांची वेबसाइट आहे, महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन. ‘महाट्रॅफिक’ नावाचं ॲपही आहे. तिथं गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे घालायचे. हे आकडे आरसी बुकावर असतात. मग चलान उघडतं. मोबाइलवर जमत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला सांगा, नाहीतर आपलं सरकार सेवा केंद्रात जा. फक्त गाडीचे कागद बरोबर न्या.

चलानावर पाच गोष्टी बघायच्या. बोटावर मोजा. एक, गाडीचा नंबर. दोन, तारीख आणि वेळ. तीन, जागा. चार, गुन्हा काय आणि कलम कुठलं. पाच, फोटो. कॅमेऱ्यानं पकडलेल्या गुन्ह्याचा फोटो असायलाच हवा. त्यात नंबर प्लेट दिसायला हवी आणि तुम्ही काय चुकलात तेही दिसायला हवं.

आमच्या ताईच्या दोन्ही चलानांचे फोटो आम्ही मोठे करून बघितले. पहिल्यात बाजाराचा दिवस, तालुक्याचा चौक, स्कूटरवर तिचा नवरा, मागं दोन पुतणे. ट्रिपल सीट. तोंडं अगदी स्वच्छ दिसत होती. ताई नवऱ्याकडे बघत राहिली, तो छताकडे. दुसरं चलान होतं हेल्मेट नसल्याचं, दूरच्या शहरातलं. तिथं ही स्कूटर कधी गेलीच नव्हती. फोटोत काळी मोटरसायकल होती आणि ताईची स्कूटर राखाडी. नंबर निरखून पाहिला तर शेवटचा आकडा आठ होता, मशीननं तो तीन वाचला होता. म्हणजे एक चलान खरं, एक खोटं. खरं भरायचं, खोट्याला हरकत घ्यायची.

हरकत कशी घ्यायची? त्याच वेबसाइटवर आणि ॲपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. चलानाचा नंबर घालायचा, थोडक्यात लिहायचं आणि पुरावा जोडायचा. लांबलचक रडगाणं नको. ताईनं लिहिलं ते असं: “माझी गाडी राखाडी स्कूटर आहे. चलानातल्या फोटोत काळी मोटरसायकल आहे. त्या गाडीचा शेवटचा आकडा वेगळा आहे. चलान रद्द करावं.” सोबत आरसी बुकाचा फोटो आणि नंबर दिसेल असा स्कूटरचा फोटो. तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवला. काही आठवड्यांनी ते चलान रद्द झालं. नवऱ्याचं मात्र भरावं लागलं, आणि ते त्याच्या पैशातून, हप्त्याच्या डब्यातून नाही. तो डबा तिनं उघडू दिला नाही.

हरकत कधी घ्यायची तेही सांगते. गाडी तुमची नसेल, नंबर चुकला असेल, तुमच्याच नंबरची खोटी प्लेट कुणी लावली असेल, फोटोत गुन्हा दिसतच नसेल, एकाच वेळच्या एकाच गुन्ह्याची दोन चलानं आली असतील, किंवा कागद वैध असताना ‘कागद नाहीत’ म्हणून दंड लागला असेल, तर हरकत घ्या. खोट्या प्लेटची शंका असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही द्या आणि पोच घ्या, कारण ती गाडी उद्या कुठल्या गुन्ह्यात सापडेल सांगता येत नाही. आणि “घाई होती”, “सगळेच तसं करतात” ही हरकत नव्हे, हे आपल्यालाही ठाऊक आहे. नोटिशीत मुदत लिहिलेली असते, ती आधी बघा. मुदत उलटून गेली की तुम्हाला दंड मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं.

तक्रार फेटाळली तर? तर कोर्ट आहे. न्यायाधीशांसमोर उभं राहून ‘मला गुन्हा कबूल नाही’ असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. मग गुन्हा सिद्ध करणं हे पोलिसांचं काम. वकिलाचे पैसे कुठून आणायचे, ही काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला, मग तिची कमाई कितीही असो, सरकारकडून मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा. फोन नंबर लिहून घ्या: १५१००. हा नंबर चलानापुरताच नाही. पोटगी असो, मारहाण असो, जमिनीचं प्रकरण असो, सगळ्याला उपयोगी आहे.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका. ते बोलावणं तडजोडीसाठी असतं. तुम्हाला पकडायला कुणी बसलेलं नसतं. पण तिथं ठरलं की त्यावर अपील नसतं. म्हणून चलान खोटं असेल तर तिथं ‘मला हे मान्य नाही’ एवढं ठामपणे सांगा. गप्प राहून मान डोलावू नका.

रस्त्यात हवालदारानं अडवलं तर काय? गाडी बाजूला घ्या, शांत बोला. लायसन आणि आरसी बुक घरी राहिलं असेल तरी मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन ॲपमध्ये असलेले कागद कायद्यानं चालतात. नुसता गॅलरीतला फोटो मात्र चालत नाही, हे लक्षात ठेवा. दंड झाला तर मशीनची पावती मागा. पैसे नसतील तर चलान नंतर भरता येतं. पावतीशिवाय हातात नोट ठेवू नका. ती नोट सरकारात जात नाही आणि चलान तसंच राहतं. लायसन जप्त केलं तर त्याची पोच मागून घ्या.

आता एक धोका. मोबाइलवर मेसेज येतो: ‘तुमचं चलान थकलंय, खालची फाइल उघडा.’ ती फाइल उघडली की मोबाइल चोराच्या ताब्यात जातो आणि खात्यातले पैसे जातात. आमच्या शेजारच्या वाडीत एका वहिनींचं बोट त्या फाइलवर गेलंच होतं, नातीनं हात धरला म्हणून वाचल्या. व्हॉट्सॲपवर आलेली चलानाची फाइल उघडायचीच नाही. मेसेज खरा वाटला तरी त्यातल्या लिंकवर न जाता आपण होऊन सरकारी वेबसाइटवर जायचं आणि गाडीचा नंबर घालून बघायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा. जितका लवकर फोन, तितके पैसे अडवायची आशा जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आईच्या काळजाचं. दहावीतला मुलगा हट्ट करतो, ‘आई, दुकानापर्यंतच नेतो.’ आपण चावी देतो. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला, आणि त्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर दोषी धरला जातो त्याचा पालक किंवा गाडीचा मालक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या पोराला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही. गाडी तुमच्या नावावर आणि तुम्ही आई, म्हणजे दोन्ही बाजूंनी तुम्हीच. ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायची जबाबदारीही तुमच्यावरच. म्हणून चावी खुंटीवर नको, तुमच्या कमरेला असू द्या.

आणि दंडापेक्षा मोठं दुखणं म्हणजे अपघात. विमा नसलेल्या गाडीनं कुणाला धडक दिली तर नुकसानभरपाई गाडीच्या मालकाच्या डोक्यावर येते. ती रक्कम लाखांत जाऊ शकते. चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर विमा असूनही कंपनी ते पैसे मालकाकडून वसूल करायला जाऊ शकते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा पाच वर्षांचा मिळतो. त्यामुळे सहाव्या वर्षी तो संपलेला कुणाच्या ध्यानातच येत नाही. आज रात्रीच कागद काढून तारीख बघा.

अजून दोन गोष्टी कागदाच्या. गाडी विकली असेल तर पैसे मिळाले म्हणजे काम झालं असं नाही. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात. नाव बदललं नाही तर घेणारा सिग्नल तोडत राहील आणि चलानं तुमच्या नावावर येत राहतील. दुसरं, ज्या बहिणींचा मालक गेला आहे, त्यांच्यासाठी. त्यांच्या नावाची गाडी वापरायची असेल तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, मला माहीत आहे. म्हणून हे काम गटानं करायचं. एकीनं कागद गोळा करायचे, दुसरीनं बरोबर जायचं.

तर पुढच्या बैठकीला एवढं करा. ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनी आरसी बुक आणि विम्याचा कागद घेऊन या. आरटीओच्या नोंदीत मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा. पुष्कळदा तो शोरूममधल्या माणसाचा किंवा एजंटाचा असतो, मग चलानाचा मेसेज त्याला जातो आणि आपल्याला कळतं वर्षानं. तो बदलून आपला घाला. वहीच्या शेवटच्या पानावर दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा: १५१०० आणि १९३०.

आमच्या त्या ताईचा नवरा आता पुतण्यांना एकेक करून सोडतो, दोन खेपा मारतो. पेट्रोल जास्त लागतं म्हणून कुरकुरतो. ताई म्हणते, “कुरकुर करा, पण डोक्यावर हेल्मेट घालून करा.”

येते मैत्रिणींनो. गाडी सावकाश चालवा. नमस्कार.