नाव झाकून वाचताना : अमेरिकी पक्षीय ध्रुवीकरण आणि दुहेरी निकष

आय. ए. रिचर्ड्‌स यांच्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या ग्रंथामागील प्रयोग तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. केंब्रिज येथील विद्यार्थ्यांपुढे त्यांनी कवींची नावे वगळून कविता ठेवल्या आणि लेखी अभिप्राय मागविले. नावाचा आधार सुटताच अभिरुचीचा तोल कसा जातो, याचे दर्शन त्या अभिप्रायांतून घडले. मान्यवर कवींच्या रचना तुच्छ ठरल्या आणि सामान्य पद्ये वाखाणली गेली.

या प्रयोगाला पूरक, परंतु उलट दिशेने केलेला एक प्रयोग मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. रिचर्ड्‌स यांनी नाव काढून घेतले होते. कोहेन यांनी नाव जोडले. गरजूंना द्यावयाच्या शासकीय साहाय्याच्या दोन योजना, एक उदार व एक कठोर, त्यांनी विद्यार्थ्यांना वाचावयास दिल्या. पक्षाचा उल्लेख नसताना उदारमतवाद्यांनी उदार योजना पसंत केली आणि परंपरावाद्यांनी कठोर. योजनेला कोणत्या पक्षाचा पाठिंबा आहे हे सांगितले जाताच मात्र मजकुराचे महत्त्व जवळजवळ संपले. आपल्या पक्षाने उचलून धरलेली योजना, ती उदार असो वा कठोर, वाचकांना योग्य वाटू लागली. याहून लक्षणीय असे की, आपल्या मतावर पक्षाचा प्रभाव पडल्याचे त्यांनी नाकारले. विरोधकांवर मात्र तो पडत असणार, असे त्यांना वाटत होते.

राजकीय दुटप्पीपणाची चर्चा बहुधा वक्त्याच्या सचोटीभोवती फिरते आणि ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ या म्हणीपाशी येऊन थांबते. म्हण वृत्तीचे वर्णन करते. त्या वृत्तीचे कार्य कसे चालते, हे तिच्यात सांगितलेले नसते. तत्त्व आधी मान्य करावे आणि मग ते प्रसंगाला लावावे, हा विवेकाचा क्रम होय. ध्रुवीकरण झालेल्या समाजात हा क्रम उलटा होतो. लाभ कोणाचा हे आधी कळते आणि तत्त्वाची व्याप्ती किती धरावयाची हे त्यावरून ठरते. या अर्थाने दुहेरी निकष हा वाचनव्यवहाराचा प्रश्न ठरतो. अमेरिकी राजकारणातील काही प्रसंगांच्या आधारे त्याचे स्वरूप येथे स्पष्ट केले आहे.

१. ध्रुवीकरणाची पार्श्वभूमी

१९५० साली अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनच्या एका समितीने जो अहवाल सादर केला, त्यातील तक्रार आज विपरीत वाटेल. दोन्ही पक्ष एकमेकांपासून पुरेसे वेगळे नाहीत, त्यामुळे मतदाराला खरी निवड करता येत नाही, असे समितीचे म्हणणे होते. त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षात उत्तरेकडील उदारमतवादी आणि दक्षिणेकडील वंशभेदाचे समर्थक एकत्र नांदत होते. रिपब्लिकन पक्षातही उदारमतवादी गट होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत संमत झाला. परंतु काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत त्याला पाठिंबा देणाऱ्यांचे प्रमाण रिपब्लिकन सदस्यांमध्ये अधिक होते.

पुढील तीन दशकांत दक्षिणेकडील श्वेतवर्णीय मतदार टप्प्याटप्प्याने रिपब्लिकन पक्षाकडे सरकले आणि १९९४ च्या निवडणुकीत त्या पक्षाला चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृहात बहुमत मिळाले. वंश, धर्म, प्रदेश आणि विचारसरणी यांच्या रेषा एकाच पक्षरेषेवर येऊन पडू लागल्या.

या स्थित्यंतराची भाषिक बाजू अभ्यासकांना विशेष उद्‌बोधक वाटेल. १९९४ च्या विजयाचे सूत्रधार न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखालील ‘गोपॅक’ या संघटनेने १९९० मध्ये उमेदवारांसाठी एक पत्रक काढले होते. त्यात शब्दांच्या दोन याद्या होत्या. स्वतःविषयी बोलताना वापरावयाचे उजळ शब्द एका यादीत, तर प्रतिपक्षासाठी योजावयाचे ऱ्हास, भ्रष्टाचार, विश्वासघात अशा छटांचे शब्द दुसरीत. विशेषण कृतीवरून न ठरता कर्त्यावरून ठरावे, अशी सोय या कोशात होती.

ध्रुवीकरण केवळ मतांपुरते राहिले नाही, हे शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते. आपल्या अपत्याने दुसऱ्या पक्षाच्या व्यक्तीशी विवाह केल्यास नाराजी वाटेल, असे १९६० साली दोन्ही पक्षांच्या समर्थकांपैकी साधारण ५ टक्के लोक सांगत. २०१० मध्ये हे प्रमाण रिपब्लिकनांत जवळजवळ निम्म्यावर आणि डेमोक्रॅट्सांत सुमारे एक तृतीयांशावर गेले. रोटी-बेटी व्यवहाराच्या मर्यादा म्हणजे काय हे ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. मत बदलता येते. सोयरीक नाकारणारी ओळख सहजी बदलत नाही. पक्ष ही अशी ओळख बनली की मजकुराआधी नाव वाचले जाते.

२. एका रिक्त जागेची दोन वाचने

१३ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचे निधन झाले. सिनेटमधील बहुमत पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल यांनी त्याच दिवशी आपली भूमिका जाहीर केली. निवडणुकीचे वर्ष असल्याने जनतेला आपले मत मांडू द्यावे आणि नवा अध्यक्ष येईपर्यंत ही जागा भरू नये, असा तिचा आशय होता. अध्यक्ष बराक ओबामा यांनी १६ मार्च रोजी मेरिक गार्लंड यांचे नाव सुचविले. सिनेटने त्यांची सुनावणीही घेतली नाही. डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाल्यावर एप्रिल २०१७ मध्ये त्या जागी नील गॉर्सच यांची नियुक्ती झाली.

१८ सप्टेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे निधन झाले, तेव्हा निवडणूक सात आठवड्यांवर आली होती. या वेळी एमी कोनी बॅरेट यांच्या नियुक्तीला सिनेटने २६ ऑक्टोबर रोजी, मतदानाच्या दिवसाच्या आठ दिवस आधी, ५२ विरुद्ध ४८ मतांनी संमती दिली.

या दोन प्रसंगांतील विसंगती उघड आहे. परंतु तिचे समर्थन कसे केले गेले, हे अधिक सूक्ष्मपणे वाचले पाहिजे. २०१६ मध्ये अध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्या पक्षाचे होते, २०२० मध्ये दोन्ही एकाच पक्षाकडे होती, हा भेद मॅकॉनेल यांनी पुढे केला. पहिल्या दिवसाच्या निवेदनात हा भेद नव्हता. जनतेचे मत हेच तेथे कारण होते. मात्र २०१६ मधील त्यांच्या काही भाषणांत त्याचा उल्लेख सापडतो, हेही नोंदविले पाहिजे. लिंडसे ग्रॅहम यांचे उदाहरण निराळे आहे. भविष्यात रिपब्लिकन अध्यक्षाच्या पहिल्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षी जागा रिकामी झाली तरी हाच नियम लागू राहील आणि तेव्हा आपले शब्द आपल्याविरुद्ध वापरावेत, असे त्यांनी २०१६ मध्ये सांगितले होते. त्यामुळे सत्ताविभागणीचा भेद त्यांना उपलब्धच नव्हता. २०२० मध्ये न्यायविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून बॅरेट यांची सुनावणी त्यांनीच घेतली. विरोधकांच्या दरम्यानच्या वर्तनामुळे, विशेषतः २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हनॉ यांना मिळालेल्या वागणुकीमुळे, परिस्थिती बदलली, असे कारण त्यांनी दिले. एकाने नियमाची मर्यादा दाखविली. दुसऱ्याने नियम मोडण्याचे कारण दिले.

डेमोक्रॅटिक पक्षाची संहिताही अशीच समोर ठेवावी लागते. जून १९९२ मध्ये न्यायविषयक समितीचे अध्यक्ष असलेल्या जो बायडेन यांनी, निवडणुकीच्या हंगामात जागा रिकामी झाल्यास अध्यक्ष बुश यांनी मतदान होईपर्यंत नाव सुचवू नये, असे प्रतिपादन केले होते. २०१६ मध्ये रिपब्लिकनांनी याच भाषणाला ‘बायडेन नियम’ असे नाव दिले. तेव्हा उपाध्यक्ष असलेले बायडेन सुनावणी हे सिनेटचे घटनात्मक कर्तव्य असल्याचे सांगत होते. १९९२ च्या त्याच भाषणात तडजोडीचीही तयारी दाखविली होती, हे त्यांचे उत्तर निराधार नव्हते. २०२० मध्ये मात्र जनतेच्या कौलाची वाट पाहावी, असे त्यांचा पक्ष म्हणू लागला. चार वर्षांत दोन्ही पक्षांनी परस्परांची वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी उचलली होती.

३. कार्यपद्धती आणि सदाचार

चर्चा अमर्याद लांबवून मतदान रोखण्याचा सिनेटमधील अल्पमताचा अधिकार ‘फिलिबस्टर’ या नावाने ओळखला जातो. २००५ मध्ये न्यायाधीशांच्या नियुक्त्यांपुरता तो संपविण्याची धमकी रिपब्लिकन बहुमताने दिली, तेव्हा डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी अल्पमताच्या संरक्षणाची बाजू लढविली. २०१३ मध्ये बहुमत हाती असताना, सर्वोच्च न्यायालयाचा अपवाद करून, रीड यांनीच तो संपविला आणि मॅकॉनेल यांनी त्याचा निषेध केला. २०१७ मध्ये उरलेला अपवाद मॅकॉनेल यांनी काढून टाकला.

सामान्य मतदाराचे वाचनही या नियमाला अपवाद नाही. खासगी जीवनात अनैतिक वर्तन करणारा लोकप्रतिनिधी सार्वजनिक कर्तव्य सचोटीने बजावू शकतो काय, असा प्रश्न पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूटने विचारला होता. २०११ मध्ये श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल ख्रिस्ती उत्तरदात्यांपैकी ३० टक्क्यांनी होकार दिला. २०१६ मध्ये ७२ टक्क्यांनी. दरम्यान ट्रम्प उमेदवार झाले होते. दुसऱ्या बाजूस, १९९१ मध्ये ॲनिटा हिल यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या ग्लोरिया स्टायनेम यांनी १९९८ मध्ये बिल क्लिंटन यांची बाजू घेतली. नकार मिळताच क्लिंटन थांबले, हा भेद त्यांनी दाखविला. त्यावर स्त्रीवादी वर्तुळातही दीर्घकाळ टीका झाली.

४. समान वाचन आणि समान निवाडा

दोन्ही पक्षांची उदाहरणे अशी शेजारी ठेवली की ‘सगळे सारखेच’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण सरसकट तुच्छता हाही न वाचण्याचाच एक प्रकार आहे. १९९२ मध्ये कोणतीही जागा रिकामी झाली नव्हती. बायडेन यांचे भाषण भाषणच राहिले. २०१६ मध्ये एका प्रत्यक्ष उमेदवाराची वाट अडविली गेली. बोलणे आणि करणे यांचे वजन एक नसते. निकष समान ठेवणे म्हणजे निवाडा समान देणे नव्हे.

समान निकषाची कसोटी व्यवहारात कशी उतरते, हे सुझन कॉलिन्स यांच्या मतातून दिसते. २०१६ मध्ये गार्लंड यांची सुनावणी व्हावी, असे या रिपब्लिकन सिनेटरांचे म्हणणे होते. २०२० मध्ये त्यांनी बॅरेट यांच्या विरुद्ध मत दिले. आक्षेप उमेदवाराच्या पात्रतेला नव्हता. सत्तेवर कोणताही पक्ष असो, नियम एकच असावा, अशी त्यांची भूमिका होती. बहुमत पक्षातून विरोधी मत देणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्या वर्षी मेन राज्यात त्यांची स्वतःची निवडणूक चुरशीची होती, याकडे बोट दाखविता येईल. परंतु हेतूचा शोध घेऊन वाक्याची सत्यता ठरत नाही. ते वाक्य दोन्ही वर्षांना लागू पडते किंवा नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

त्यावरून एक व्यावहारिक वाचनपद्धती सुचविता येईल. प्रथम विधान नाव झाकून वाचावे. मग त्यात प्रतिपक्षाचे नाव घालून पुन्हा वाचावे. अपवाद सांगितला गेला असल्यास तो प्रसंगाच्या आधी सांगितला होता की नंतर सुचला, हे तारखांवरून तपासावे. भारतीय शास्त्रचर्चेत प्रतिवाद्याचा पूर्वपक्ष नीट मांडल्याविना उत्तरपक्षाला अधिकार मिळत नसे. या पद्धतीमागील शिस्त त्याच जातीची आहे. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. नाव झाकल्याने पक्षपात उघडा पडतो, पण इतिहास पुसला जातो; म्हणून निवाडा करताना नाव व प्रसंग पुन्हा विचारात घ्यावेच लागतात.

या वाचनाचे परिणाम शब्दांपुरते राहत नाहीत. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या घटनात्मक हक्कासंबंधीचा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निर्णय रद्द ठरविला. तो रद्द करणाऱ्या पाच न्यायमूर्तींमध्ये गॉर्सच आणि बॅरेट हे दोघेही होते. एकाची जागा जनतेच्या मताची वाट पाहण्याच्या नियमाने रिकामी राखलेली; दुसरीची त्याच नियमाला बगल देऊन भरलेली. निर्णयाचे स्वागत करणारे आणि त्याने व्यथित झालेले, दोघांनाही हा क्रम नाकारता येत नाही. निवडणुकीच्या वर्षात न्यायमूर्तीची जागा पुन्हा रिकामी होईल तेव्हा सिनेटमध्ये तत्त्वाची भाषा पुन्हा बोलली जाईल. आणि ती बोलणाऱ्या प्रत्येकासमोर त्याच्याच पक्षाचे जुने निवेदन ठेवले जाईल.