विंचवाचे विष आणि महाडचा डॉक्टर

सुट्टी लागली की बाळकुम-माजिवड्यातली निम्मी कुटुंबे कोकणात गावाला जातात. बंद घर उघडायचे, जळणाची लाकडे हलवायची, अनवाणी परसात जायचे. विंचू चावतो तो अशाच वेळी. कोकणातला लाल विंचू आकाराने लहान, पण एकेकाळी जीवघेणा होता. आज तो तसा राहिलेला नाही, याचे मोठे श्रेय महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांना जाते.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब शेतकरी कुटुंबातला हा मुलगा काबाडकष्ट करत नागपुरात डॉक्टर झाला आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तिथे विंचू चावलेले धडधाकट तरुण आणि लहान मुले डोळ्यांदेखत दगावत. पुस्तकांत या आजाराविषयी फारसे काही नव्हते. स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची औषधे दिली जात, पण उपयोग होत नसे.

बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात पाणी. मृत्यू हृदय थकल्याने होत होता. धोक्याच्या या पूर्वखुणा त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात मांडल्या.

असे का घडते? विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या अरुंद नळ्यांत रक्त ढकलताना हृदयाची दमछाक होते. म्हणजे रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे काम करते, पण त्याने रक्तदाब झपाट्याने उतरतो. सलाइनमधून ते देताना डॉक्टरला रुग्णापासून हलता येत नाही. खेड्यात सोपा उपाय हवा होता. तो रक्तदाबाच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीत सापडला.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी झाल्यावर त्यांना शहरात राहता आले असते. ते महाडला परतले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी प्राझोसिनचा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध केला. पूर्वी गंभीर विंचूदंशात शंभरातले २५ ते ३० रुग्ण दगावत. ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. विंचवाची प्रतिलस आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी महाडमध्येच ७० रुग्णांच्या अभ्यासातून २०११ मध्ये दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वाचकांनी यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. नुसत्या वेदनेवरून धोका ठरवू नका. दंशाच्या जागी आग होते, पण हातपाय गरम आहेत, घाम नाही, तर बहुधा धोका कमी असतो. याउलट वेदना कमी, पण उलट्या, घाम आणि हातपाय गार, तर एक मिनिटही दवडू नये. मुलांना धोका जास्त. मंत्र-उतारा, जखम कापणे किंवा करकचून बांधणे नको. रुग्णाला आडवे ठेवून जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. प्राझोसिन घरी देऊ नये. ती घेतल्यावर रुग्ण एकदम उठला, तर रक्तदाब उतरून चक्कर येते.

आणि गावी बूट घालण्यापूर्वी ते झटकून घ्यावेत.