आरी, बायबल आणि मराठीचा कोश

1805 साली कोलकात्याजवळच्या सेरामपूर गावातल्या छापखान्यातून मराठी भाषेचं एक व्याकरण बाहेर पडलं. इंग्रजीतून लिहिलेलं मराठीचं हे पहिलं व्याकरण. पाच वर्षांनी तिथूनच मराठी-इंग्रजी शब्दकोश आला. दोन्ही पुस्तकांवर नाव होतं विल्यम कॅरी यांचं. महाराष्ट्रात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, कुठल्या विद्यापीठात ते शिकलेले नव्हते. अठ्ठाविशीपर्यंत इंग्लंडमधल्या खेड्यांत जोडे शिवणं आणि फाटलेले सांधून देणं हा त्यांचा धंदा होता आणि रविवार आला की ते प्रवचनाला उभे राहत.

कॅरींचं चरित्र सहसा थोर मिशनऱ्याचं चरित्र म्हणून सांगितलं जातं, आणि मग हा जोड्यांचा धंदा पहिल्या दोन पानांत उरकतो. पण तो तसा उरकण्यासारखा नाही. त्यांचं पुढचं सगळं काम एका कारागिराचं आणि कारागिरांच्या सोबतीनं झालेलं आहे.

नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावी 1761 साली त्यांचा जन्म झाला. वडील विणकर, पुढे ते गावच्या शाळेत शिकवू लागले. मुलाच्या कातडीला ऊन सोसत नसे. शेतावर मजुरीला गेला की अंग भाजून निघायचं. म्हणून चौदाव्या वर्षी त्याला पिडिंग्टनच्या क्लार्क निकोल्स या जोडे करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवलं. तिथे दुकानातल्या एका पुस्तकात त्याला अनोळखी अक्षरं दिसली. ती ग्रीक होती. मुलानं ती जशीच्या तशी कागदावर उतरवून घेतली आणि गावाकडच्या टॉमस जोन्स नावाच्या, थोडं शिकलेल्या विणकराला नेऊन दाखवली. जोडे शिवणारा पोरगा एका विणकराकडून ग्रीक शिकू लागला, ही त्यांच्या भाषाशिक्षणाची सुरुवात.

धर्माची ओढही त्याच दुकानात लागली. सोबतचा कामगार जॉन वॉर हा चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या पंथातला. दोघांचे कामावर वाद रंगत आणि बोलण्यात कॅरी सहसा वरचढ ठरे, तरी मनातून त्याला आपण हरलो असं वाटे. मग एका नाताळात एक प्रसंग घडला. मालकाशी व्यवहार असलेल्या दुकानदारांकडून बक्षिसी गोळा करताना एकानं त्याला खोटा शिलिंग दिला. पोरानं तो मालकाच्या पैशांत खपवला आणि खरा स्वतःकडे ठेवला. चोरी उघडकीला आली. त्या शरमेनं तो इतका खचला की धर्म हा नुसता वादाचा विषय उरला नाही.

निकोल्स वारल्यावर तो हॅकल्टनच्या टॉमस ओल्डकडे गेला. 1783 मध्ये ओल्डही गेला. तेव्हा बाविशीच्या कॅरींवर सगळा धंदा आला आणि त्याबरोबर ओल्डच्या विधवेचा नि मुलांचा भारही. त्यांचं स्वतःचं लग्न 1781 मध्ये झालेलं होतं आणि घरात चणचण होती. तयार जोड्यांची पिशवी खांद्यावर टाकून ते मैलोन्‌मैल चालत, माल देत आणि नवं चामडं घेऊन परतत. पुढे मोल्टन गावी ते बाप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. तिथला पगार इतका तुटपुंजा की शाळाही चालवावी लागे आणि आरी हातातून सुटत नसे. कामाच्या जागेसमोरच्या भिंतीवर त्यांनी कागद जोडून जगाचा मोठा नकाशा केला होता. त्यावर प्रत्येक देशाची लोकसंख्या, तिथले धर्म अशी मिळेल ती माहिती ते टिपत. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी चामड्याचा पृथ्वीगोलही बनवला.

केटरिंगचे टॉमस गॉच हे जोड्यांचे मोठे व्यापारी. कॅरी त्यांना माल पुरवत. या माणसाची खरी भूक कशाची आहे हे गॉच यांनी ओळखलं. त्यांनी कॅरींना आठवड्याला दहा शिलिंग देऊ केले आणि जोडे सोडून भाषांचा अभ्यास करायला सांगितलं. एका व्यापाऱ्याची ही जाण पुढे थेट मराठीपर्यंत पोहोचली.

1792 साली कॅरींनी एक पुस्तिका लिहिली: परदेशी जाऊन ख्रिस्ताचा संदेश सांगणं हे ख्रिस्ती लोकांचं कर्तव्यच आहे, अशी. त्याच वर्षी केटरिंगमध्ये मूठभर पाळकांनी त्यासाठी संस्था काढली. तिची पहिली वर्गणी 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. पुढच्या वर्षी कॅरी बंगालकडे निघाले.

या प्रवासाची किंमत सर्वांत जास्त मोजली ती त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी. लग्नाच्या नोंदवहीत त्यांनी नावाऐवजी फुली काढली होती. लिहिता येत नव्हतं. पोटात मूल असताना अनोळखी मुलखात जायला त्यांनी साफ नकार दिला होता. जहाज लांबलं, तान्हं बाळ जन्मलं आणि शेवटच्या घटकेला, धाकटी बहीण सोबत येईल या अटीवर, त्या निघाल्या. 1794 मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशानं गेला. त्या दुःखातून डोरोथी सावरल्या नाहीत. त्यांचं मन ढळलं आणि नवऱ्यावर त्या नाही नाही ते आरोप करू लागल्या. 1807 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्यांना बऱ्याचदा खोलीत बंद ठेवावं लागे. शेजारच्या खोलीत कॅरी बायबलचं भाषांतर करत बसत. ही गोष्ट वगळून कॅरींचं गुणगान करणं डोरोथींवर अन्याय करणारं आहे. त्यांना स्वतः निवडलेलं आयुष्य मिळालं नाही, कॅरींना मिळालं.

ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. त्यामुळे कॅरी आधी मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यात व्यवस्थापक म्हणून राहिले आणि 1800 च्या आरंभी डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरला आले. तिथे त्रिकूट जमलं: कॅरी, छपाई शिकलेले विल्यम वॉर्ड आणि विणकराचे चिरंजीव, शिक्षक जोशुआ मार्शमन. मिळकत एकत्र, जेवण एकत्र. कोलकात्यात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरींना चांगला पगार मिळू लागला, तेव्हा त्याचाही मोठा भाग या सामायिक पेटीत जाई.

प्रवचनांना मात्र सात वर्षं फळ आलं नाही. 1800 च्या अखेरीस ज्या पहिल्या बंगाली माणसानं बाप्तिस्मा घेतला तो सुतार होता. कृष्ण पाल त्याचं नाव. पडून त्याचा खांदा निखळला होता. मिशनचे डॉक्टर जॉन थॉमस यांनी कॅरींच्या मदतीनं तो बसवला आणि तिथून ओळख वाढली. पुढे कृष्ण पाल स्वतः प्रवचनकार झाला आणि त्यानं बंगालीत भक्तिगीतं रचली.

मराठीचा धागा इथे जुळतो. 1803 मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी कंपनीचं युद्ध झालं, मराठी मुलखाशी तिचा संबंध वाढला. कोलकात्यात शिकणाऱ्या तरुण साहेबांना मराठी येणं गरजेचं झालं. बंगाली नि संस्कृतसोबत मराठीचीही जबाबदारी कॅरींकडे आली. ती पेलली गेली कॉलेजातल्या वैजनाथ पंडितांमुळे. व्याकरणाच्या प्रस्तावनेत कॅरींनी त्यांचं ऋण मान्य केलेलं आहे. व्याकरण देवनागरीत छापलं, कारण मोडी लिपीचे छपाईचे खिळे तयार नव्हते. ते तयार झाल्यावर 1810 चा कोश मोडीत निघाला. 1814 ची ‘सिंहासन बत्तिशी’ आणि 1815 चा ‘हितोपदेश’ हीदेखील मोडीतच. खिळ्यांची ही ओतशाळा उभी केली होती पंचानन कर्मकार या लोहारानं आणि त्याच्या जावयानं, मनोहरनं.

मार्च 1812 मध्ये छापखान्याला आग लागली. कागद, कित्येक लिप्यांचे खिळे आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखितं भस्म झाली. कॅरींच्या बहुभाषी कोशाचा मजकूरही त्यात गेला. खिळे ओतण्याचे साचे तेवढे राखेतून निघाले. जळालेला धातू वितळवून काही आठवड्यांत नवे खिळे पडू लागले आणि गेलेली भाषांतरं कॅरींनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केली. पुतण्याला त्यांनी सांगितलं होतं, की आपल्या अंगी एकच गुण आहे, तो म्हणजे नेटानं चालत राहण्याचा.

धंद्यावरून हिणवणारे भेटतच राहिले. इंग्लंडात सिडनी स्मिथ या पाद्री लेखकानं या मिशनऱ्यांची मोची म्हणून टर उडवली. बराकपूरला गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत एका लष्करी अधिकाऱ्यानं, कॅरी पूर्वी जोडे बनवत ना, असं त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं. कॅरी म्हणाले, बनवणारा कुठला, मी तर फक्त दुरुस्त करणारा. त्या शब्दांत लाचारी नव्हती. ओल्डच्या विधवेचं घर ज्या कामावर चाललं, त्याची लाज त्यांना का वाटावी?

सतीची चाल त्यांनी 1799 मध्ये डोळ्यांनी पाहिली आणि तेव्हापासून तिच्याविरुद्ध लिहीत, माहिती गोळा करत राहिले. डिसेंबर 1829 मध्ये बंदीचा कायदा झाला. बंगाली भाषांतरासाठी तो त्यांच्या हाती आला तो रविवारी. त्या दिवसाचं प्रवचन त्यांनी दुसऱ्याकडे सोपवलं आणि पंडिताला घेऊन दिवसभरात भाषांतर हातावेगळं केलं. उशीर झाला तर तेवढ्यात एखादी बाई चितेवर जाईल, ही त्यांची चिंता होती.

9 जून 1834 रोजी सेरामपूरलाच त्यांचं निधन झालं. त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मुंबईकडच्या वाचकांना परकं वाटलं आणि तिथल्या मिशनऱ्यांनी नवी भाषांतरं केली. त्यांच्या कोशाची जागा 1831 मध्ये मोल्सवर्थच्या कोशानं घेतली. त्यांनी ही सगळी पुस्तकं धर्मप्रसारासाठी आणि कंपनीच्या नोकरीपायी लिहिली हेही खरं. तरी मराठी छपाईच्या इतिहासात त्यांचं पान कायम आहे, आणि त्या पानावर वैजनाथ पंडित, पंचानन नि मनोहर कर्मकार यांची नावं कॅरींच्याच आकाराच्या अक्षरांत छापायला हवीत.